तोफ, ओतकाम आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा

पन्हाळ्यावर गेलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराला चार दरवाजा ठाऊक असतो, आणि तरीही तो दरवाजा आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीने, केलेल्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडून टाकला. जागेला नाव तेवढे राहिले.

त्या जागेची आठवण होण्याचे कारण असे की, परवा एका घरगुती बैठकीत मराठ्यांच्या लढायांचा विषय निघाला आणि 'आपल्याकडे तोफा नव्हत्या म्हणून आपण मागे पडलो' हे ठरलेले वाक्य पुन्हा ऐकावे लागले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही; बावीस वर्षे कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या, धंद्यात आहे. पण तोफ ही अखेर ओतलेली वस्तू आहे, आणि त्या वाक्यात चूक कुठे आहे हे ओतकाम करणाऱ्याला जरा लवकर कळते, असे मला वाटते. तोफा होत्या, पुष्कळ होत्या. उणीव होती ती तोफेच्या मागे जे उभे असावे लागते त्याची.

पन्हाळ्याचाच हिशेब पाहू. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, आणि राजापूरच्या इंग्रजी वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आपल्या तोफा व गोळे घेऊन त्याच्या मदतीला आला. इंग्रजांनी स्वतःचे निशाण फडकावून गडावर मारा केला. तट पडला नाही. महाराज जुलैच्या पावसात विशाळगडाकडे निघून गेले आणि गड पुढे आदिलशहाकडे गेला तो तहाने. (पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटून रेव्हिंग्टनला कैद केले, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको.) १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने तोच गड रात्री साठ माणसांनिशी घेतला, त्यात तोफेचे काही काम नव्हते. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब आपला तोफखाना घेऊन पायथ्याशी बसला, आणि महिने घालवून शेवटी किल्लेदाराला पैसे मोजून त्याने गड मिळवला. पुढच्या वर्षी विशाळगडाचेही तसेच झाले. तिथून परतताना पावसाळ्याने बादशाही फौजेला असे गाठले की, पन्हाळ्यापर्यंतची तीसेक मैलांची वाट चालायला तिला महिन्याहून अधिक काळ लागला. घाटातला चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला त्या फौजेतल्या गाडेवानांची कीव येईल.

आणि मग १८४४. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला बंडवाल्या गडकऱ्यांचा सामानगड पडला, आणि १ डिसेंबरला इंग्रजी तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला भगदाड पाडून गड हल्ला करून घेतला. तट तोच होता, दगडही तोच काळा दगड होता. या १८४ वर्षांत दगड मऊ झाला नव्हता. बदलली होती ती तोफ, आणि तिच्यातला फार थोडा बदल रणांगणावर झालेला होता.

तो बदल समजण्यासाठी तोफ कशी ओततात ते पाहावे लागेल. जुन्या पद्धतीत साच्याच्या मध्यभागी नळीच्या पोकळीसाठी कोअर, म्हणजे पोकळीच्या आकाराचा गाभा, उभी करून भोवती धातू ओतत. आमच्याकडे आजही कोअर किंचित सरकली तर नगाची एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते, आणि आत वायू कोंडला तर ब्लो होल, म्हणजे धातूत पोकळ जागा, राहतो. पंपाच्या बॉडीत ब्लो होल निघाला तर नग रिजेक्ट होतो आणि वितळायला परत भट्टीत जातो, फार तर मालक दोन शब्द बोलतो; तोफेत राहिला तर तो स्वतःच्याच गोलंदाजाला मारतो. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात शत्रूच्या गोळ्याने मेला नाही, आपलीच तोफ फुटून मेला. अठराव्या शतकात ज्याँ मारित्झ याने तोफ भरीव ओतून नंतर यंत्रावर तिची नळी कोरण्याची पद्धत रुळवली, तेव्हा प्रथमच नळी सरळ आणि एका मापाची मिळू लागली. माप नेमके आले म्हणजे गोळा आणि नळी यांमधली फट कमी ठेवता येते. फट कमी म्हणजे दारूचा जोर बाजूने वाया जात नाही. आणि जोर वाया जात नसेल तर कमी वजनाची, कमी बैलांनी ओढता येणारी तोफ तेच काम करते. फ्रान्सच्या तोफखान्याचा अधिकारी ग्रिबोव्हाल याने १७६५ पासून तोफा, गाडे आणि चाके यांची मापे ठरवून दिली ती याच विचाराने, आणि नेपोलियनच्या विजयांचे पुष्कळसे श्रेय मी तरी त्या मापांच्या तक्त्यांना देईन.

याच्या उलट टोकाला विजापूरची मुलूख-ए-मैदान आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची. ओतकाम म्हणून तिच्यापुढे मी हात जोडतो. त्या काळी एवढा धातू एका वेळी वितळवून साच्यात उतरवणे ही थट्टा नव्हे. पण सेनापती असतो तर ती मला चालली नसती, कारण जी तोफ लढाईच्या जागी वेळेवर पोचत नाही ती बुरुजाची शोभा असते.

आपल्याकडे ही समज नव्हती असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या गादीच्या आश्रयाने लिहिलेल्या आज्ञापत्र या राजनीतीच्या ग्रंथात टोपीकरांचे, म्हणजे युरोपीयांचे, बळ आरमारात, तोफांत आणि दारूगोळ्यात आहे हे स्पष्ट ओळखले आहे. दारूखाना घरांपासून दूर असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत. आमच्या स्टोअरकीपरला मी त्या एकदा वाचून दाखवल्या होत्या. ओलसर दारू आणि ओलसर वाळू यांचा त्रास एकाच जातीचा आहे, हे त्याला लगेच पटले.

मग अडले कुठे? पेशव्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी याच्या तोफांनी १७६० मध्ये उदगीरला निजामाला वाकवले, आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर त्याच तोफांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. परंतु विठ्ठल शिवदेव आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार गोलाची, म्हणजे तोफा सांभाळत एकत्र पुढे सरकणाऱ्या फौजेची, शिस्त मोडून पुढे घुसले आणि आपल्याच तोफांच्या तोंडाशी आले, तेव्हा त्या तोफांना गप्प बसावे लागले. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपीय सेनानीला हाताशी धरून आणि आग्र्याला सँग्स्टर या स्कॉटिश माणसाकडून तोफा ओतवून घेऊन हे दुखणे बरेचसे बरे केले होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असईला शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीचे जवळपास १६०० लोक मारले आणि जखमी केले, आणि आपले गोलंदाज तोफेजवळच कापले जाईपर्यंत हटले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्यांनी पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. अशा माणसांच्या वंशजांना 'आपल्याकडे तोफा नव्हत्या' असे सांगणे मला खटकते. नव्हते ते आपले अधिकारी: युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढून बोलावताच शिंद्यांच्या पदरचे अनेक युरोपीय अंमलदार चाकरी सोडून निघून गेले. ज्या कारखान्यात डिझाइनही बाहेरचे आणि सुपरवायझरही बाहेरचा, त्याची अवस्था शिरोलीत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

इंग्रजांना हे नेमके कळले होते. १८५७ नंतर त्यांनी हिंदी माणसाच्या हाती बंदूक ठेवली, तोफ मात्र काढून घेतली. मोजक्या पहाडी तोफखान्यांचा अपवाद सोडला तर १९३५ पर्यंत हीच रीत चालली. त्या अपवादांत १८२७ मध्ये उभारलेली मुंबईची एक तुकडी होती, आणि तिच्या स्थापनेचा २८ सप्टेंबर हा दिवस आजही भारतीय लष्कराचे गोलंदाज आपला दिवस म्हणून पाळतात. आमच्या कोल्हापूर संस्थानाला मात्र त्या काळात १९ तोफांच्या सलामीचा मान होता. लढाईची तोफ नको, सलामीच्या तोफा मोजून घ्या, असा तो सौदा होता. त्या आकड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना दुखवायचे नाही, पण मला तो आकडा कधी सुखाने ऐकवत नाही.

२०२४ च्या जानेवारीत पन्हाळ्याशेजारच्या पावनगडावर फलकांसाठी खड्डे खणताना चारशेहून अधिक दगडी तोफगोळे सापडले. वर्तमानपत्रांनी त्यांची संख्या छापली, आम्ही सगळ्यांनी फोटो पुढे पाठवले. मला त्यांचे व्यास हवे आहेत. कॅलिपर घेऊन एकेक गोळा तीन बाजूंनी मोजावा, तक्ता करावा, आणि किती गोळे एकाच मापात बसतात ते पाहावे. म्हणजे ते घडवणाऱ्या पाथरवटांच्या हाती तोफेच्या नळीचे माप दिलेले होते की प्रत्येकाने आपल्या अंदाजाने दगड गोल केला होता, हे तरी उलगडेल. परवानगी मिळणार असेल तर कॅलिपर माझा आणि दोन रविवारही माझे.