कॉपियरच्या रोलरवर सँडपेपर फिरवू नका

"कॉपियर कागद ओढत नसेल तर दोष रोलरचाच असतो, त्यावर सँडपेपर फिरवा, थिनरने पुसा, अडकलेला कागद झटक्यात ओढून काढा, तंत्रज्ञाला बोलावण्याची गरजच नाही," असा एक संदेश मोबाइलवरून सर्वत्र फिरत आहे. कागद ओढण्याच्या बऱ्याच तक्रारी कार्यालयातल्या माणसाला स्वतः दूर करता येतात, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु संदेशात सांगितलेल्या उपायांनी साधी तक्रार मोठ्या दुरुस्तीपर्यंत जाऊ शकते, म्हणून त्याला उत्तर देणे आवश्यक वाटते.

दोष रोलरचाच असतो, हे पहिले विधान घाईचे आहे. कागद हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि उघड्या राहिलेल्या गठ्ठ्यातले दमट कागद एकमेकांना चिकटून दोन-तीन एकदम आत जातात किंवा कडेला वळून अडकतात. ट्रेमधली गाइड, म्हणजे कागदाला कडेने धरणारी सरकती पट्टी, सैल असेल तर कागद तिरका जातो, अतिघट्ट असेल तर रोलर फिरूनही कागद जागचा हलत नाही. ट्रेमधल्या कमाल मर्यादेच्या खुणेपेक्षा जास्त कागद भरल्यानेही असेच अडथळे येतात. त्यामुळे आधी नव्या पाकिटातला कागद त्याच ट्रेमध्ये घालून पाहावा. तोही अडला आणि दुसऱ्या ट्रेमधून मात्र सुरळीत गेला, तरच पहिल्या ट्रेच्या रोलरवर संशय घ्यावा.

सँडपेपरचा सल्ला सर्वांत घातक आहे, आणि त्यावर विश्वास बसण्याचे कारणही समजण्यासारखे आहे: घासल्यानंतर रबराचा ताजा थर वर येतो आणि यंत्र काही काळ खरोखरच चालते. रोलरची पकड जाते ती बहुधा कागदाच्या भुकटीमुळे. कागदात भरण म्हणून वापरलेले कॅल्शियम कार्बोनेट आणि सुटे तंतू रबराच्या खरखरीत पृष्ठभागात बसतात आणि तो गुळगुळीत होतो. ही भुकटी पुसून निघते, त्यासाठी रबर काढून टाकावे लागत नाही. हाताने घासलेला रोलर सगळीकडे सारखा झिजत नाही, म्हणून कागद एका बाजूला खेचला जातो. शिवाय त्याचा व्यास घटल्याने प्रत्येक फेऱ्यात कागद थोडा कमी पुढे सरकतो. कागद ठरावीक वेळेत सेन्सरपर्यंत पोहोचला नाही की यंत्र तो अडकल्याचे जाहीर करते, मग तो प्रत्यक्षात अडकलेला नसला तरी. अनेक कॉपियरमध्ये कागद उचलणारा, पुढे नेणारा आणि खालचा जादा कागद मागे रोखणारा असे तीन रोलर एकत्र काम करतात. त्यांपैकी एकच घासल्याने त्यांचा मेळ बिघडतो. रबर कडक झाले असेल किंवा त्याला चिरा पडल्या असतील, तर तिन्ही रोलर एकदम बदलणे हाच उपाय आहे.

थिनरने रबर फुगते, प्लास्टिकचे भाग तडकू शकतात, आणि ज्या यंत्रात फ्युजर, म्हणजे कागदावरची टोनरची भुकटी उष्णतेने पक्की करणारा भाग, तापतो तिथे ज्वलनशील वाफ साठू देणे धोक्याचे आहे. यंत्र बंद करून प्लग काढावा, तंतू न सुटणारे कापड पाण्याने किंचित ओलसर करून रोलर फिरवत पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच ट्रे लावावा.

झटक्याने ओढलेला कागद फाटतो. त्याचा नखाएवढा तुकडाही सेन्सरच्या नाजूक पट्टीखाली राहिला, तर मार्ग मोकळा होऊनही यंत्र सुरू होत नाही. कागद दोन्ही हातांनी, सावकाश, शक्यतो तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने काढावा. फ्युजर सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्यामुळे तिथे हात घालण्याआधी तो निवू द्यावा. ज्यावर प्रतिमा तयार होते त्या प्रकाशसंवेदी ड्रमला बोट लावू नये आणि त्यावर उजेडही फार वेळ पडू देऊ नये.

राहिला तंत्रज्ञाचा प्रश्न. पुष्कळ मॉडेलमध्ये रोलर साध्या खटक्याने निघतात, आणि मॉडेलला योग्य असलेला सुटा भाग मिळाला की ते कार्यालयातच बदलता येतात. तिथे संदेशाचे म्हणणे खरे ठरते. पण नवा कागद आणि नवे रोलर असूनही रोलर फिरतच नसेल, तर दोष रोलरला गती देणाऱ्या भागांमध्ये, म्हणजे क्लच, सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) किंवा मोटरमध्ये, असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या वेळी यंत्र न उघडता तंत्रज्ञालाच बोलवावे.