“मुलगा पाऊण तास मोबाइल बघत बसला” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मंगळवारी घरच्यांना घेऊन अमळनेरला मंगळग्रह मंदिरात जायचं ठरलं होतं आणि गाडी आमच्या गॅरेजच्या दारात उभी राहिली. “संध्याकाळपर्यंत देतो” हा शब्द माझा होता, लागले तीन दिवस, आणि मधे एक फोनसुद्धा केला नाही. ही चूक माझी आहे. तुमची आणि वहिनींची मनापासून माफी मागतो.

तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं, की एका अर्थच्या पट्टीचे २,४०० रुपये घेतले, आठ दिवसांत तोच फॉल्ट परत आला, आणि तपासायला पाठवलेला मुलगा पाऊण तास नुसता मोबाइल बघत बसला, वर त्याचे पैसे मागितले. जळगावच्या अजिंठा चौफुलीला येणारी निम्मी गिऱ्हाईकं हायवेवरची असतात, ती फोनवर स्टार बघूनच गाडी वळवतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तुमची तक्रार होती, “गार असताना चालू होते, उन्हात उभी केली की फक्त कट आवाज येतो, काटे पडतात, वीस मिनिटांनी आपोआप चालू होते.” आधी दुसरीकडे बॅटरी बदलून झाली होती. पहिल्या दिवशी मी शेडमध्ये वीस वेळा सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारला, वीसही वेळा गाडी चालू. फॉल्ट समोर आल्याशिवाय मीटर लावून काय मिळणार? तरी त्या दिवशी सेल्फ उतरवून ब्रश आणि बुश बघितले, ते चांगले निघाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एसी लावून गाडी नशिराबादपर्यंत नेली, आणली, बोनेट बंद ठेवून उन्हात लावली (२०० रुपयांचं पेट्रोल मी टाकलं, ते बिलात नाही). पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, आणि कट!

तेव्हा मीटर बोलला. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट आणि सेल्फवर ८.२. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेतच गेले. प्लसच्या केबलवर ०.३ आणि अर्थच्या बाजूला, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जातो त्या वाटेवर, १.९. तिथे ०.२ च्या वर गेलं की आम्ही अर्थ खराब धरतो. इंजिन ते बॉडी जी वेणीची पट्टी असते, तिची थिंबल (टोकाची धातूची कडी) वरून चकचकीत होती. रबर सोलल्यावर आत हिरवी पूड निघाली, तारा अर्ध्या खाल्लेल्या. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, तिथे एका ओहमचा शंभरावा हिस्सा आडवा आला तरी दोन व्होल्ट जातात. गार असताना साध्या मीटरवर हीच पट्टी शून्य ओहम दाखवते, म्हणून आधी कोणालाही ती सापडली नव्हती. तिसऱ्या दिवशी तशी पट्टी शोधून आणली, बसवली आणि दुपारच्या उन्हात परत चार वेळा बघून मगच तुम्हाला चावी दिली.

हिशोब असा: पट्टी ३५०, नवीन टर्मिनल २५०, सेल्फ उतरवून तपासणी ६००, तीन दिवसांची मजुरी १,२००. सेल्फ चांगला निघाला, त्यामुळे ते ६०० तुम्हाला खटकत असतील तर परत घेऊन जा, माझी हरकत नाही.

आता आठ दिवसांनंतरचं. साहेब, तो तोच फॉल्ट नव्हता. आधी बॅटरी भरलेली असून सेल्फ उचलत नव्हता. या वेळी गाडी चार दिवस जागेवर उभी होती आणि सकाळी बॅटरी ११ व्होल्टच्याही खाली गेलेली. तुम्ही फोन केला, मुलगा मोटरसायकलवर जंपर (बाहेरून करंट देऊन गाडी चालू करायचं साधन) घेऊन वीस मिनिटांत तुमच्या दारात होता. गाडी चालू करून तो परत येऊ शकला असता. पण बॅटरी कोण पितंय ते बघूनच ये, असं मी सांगितलं होतं.

आणि तो पाऊण तास इथलाच आहे. आजच्या गाडीला लॉक केलं तरी आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. वीस मिनिटं, कधी चाळीस मिनिटं लागतात. तोपर्यंत मीटर जे दाखवतो ते खोटं. त्याने बॅटरीच्या मायनसला मीटर जोडला, दाराच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून दार बंद असल्याचं गाडीला भासवलं आणि हात न लावता बसला. हात न लावणं हेच काम होतं. मधे तुम्ही मागचं दार उघडून पाण्याची बाटली काढली. गाडी जागी झाली आणि वेळ परत पहिल्यापासून मोजावी लागली. तो तुम्हाला काही बोलला नाही, कारण गिऱ्हाईकाला उलट बोलायचं नाही असं मीच शिकवलंय. मोबाइलमध्ये तो दर पाच मिनिटांनी मीटरचा फोटो काढत होता. ते सगळे फोटो वेळेसकट माझ्याकडे आहेत: आधी २.८ अँपिअर, मग ०.९, शेवटी ०.३४ वर येऊन थांबलं. पाहिजे होतं ०.०५ च्या आत. एकेक फ्यूज काढून बघितला, आकडा हलला नाही. म्हणजे वायर फ्यूज बॉक्समधून न जाता थेट बॅटरीवरून गेलेली. ती सीटखालच्या अॅम्प्लिफायरला (गाण्यांचा आवाज वाढवणाऱ्या डब्याला) निघाली.

तो अॅम्प्लिफायर बसवल्याचं तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं. त्याची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) डेकवर, म्हणजे गाडीच्या म्युझिक सिस्टिमवर द्यायची असते, म्हणजे चावी काढली की तो बंद होतो. बसवणाऱ्याने ती थेट बॅटरीला जोडली. ०.३४ अँपिअर म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-अवर, चार दिवसांत बत्तीस. तुमची बॅटरीच पस्तीस अँपिअर-अवरची आहे.

त्या फेरीचे आणि तपासणीचे मिळून ५०० सांगितले, तुम्ही ३०० दिले, तो घेऊन आला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मुलगा आयटीआय करून माझ्याकडे आलाय, चार वर्षं झाली. तुमचा रिव्ह्यू त्याने माझ्याआधी वाचला. त्या दिवशी डबा उघडला नाही त्याने.

यापुढे गाडी राहणार असेल तर रोज संध्याकाळी फोन जाईल, तशी वही केली आहे. काउंटरवर रेटचा बोर्डही लावायचा आहे, तेवढं लवकर करतो.

अॅम्प्लिफायरची वायर अजून तशीच आहे. तोपर्यंत रोज रात्री त्याचा फ्यूज काढून ठेवा. सकाळी दहाच्या आत या, अर्ध्या तासात वायर बदलून देतो, पैसे नकोत. स्टार एकच राहू द्या साहेब. फक्त मुलाबद्दलची ती ओळ काढता आली तर बघा.