पक्ष्यांचा पंचनामा होतो, माणसांचा कधी?

बर्ड फ्लूची बातमी आली की सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडच्या आमच्या मंडळींत एकच वाद पेटतो. चिकन खायचं की सोडायचं, आणि अंड्याचा भाव किती पडणार? नीट शिजवून खाल्लं तर धोका नाही, हे २००६ साली नवापूरला साथ आली तेव्हापासून सांगून झालंय. पण शेडमधले मेलेले पक्षी उचलणाऱ्याला ताप आला तर त्याला तपासणार कोण, हे कुणी विचारत नाही.

या वेळी एकानं उपाय सुचवला: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रॅपिड किट ठेवा, पंधरा मिनिटांत निकाल. हेतू चांगला आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो. हे किट फ्लू ‘ए’ आहे की ‘बी’ एवढंच सांगतं. बर्ड फ्लूचा विषाणू, एच५एन१, हा ‘ए’च, पण दरवर्षीचा साधा फ्लूही बहुतेकदा ‘ए’च असतो. कोंबडीकडून आलेला कुठला, हे किटला कळत नाही. शिवाय निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही; विषाणू कमी असला की किट हुकतं. खरं उत्तर प्रयोगशाळेतल्या पीसीआर तपासणीचं, आणि एच५ची खात्री पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही). तोवर थांबायचंही नाही. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत पोटात गेलं तर जास्त गुण येतो, म्हणून संशय आला की गोळ्या त्याच दिवशी सुरू व्हायला हव्यात.

मी राहतो त्या कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये हा विषाणू दुभत्या गाईंत शिरला आणि डिसेंबरात आणीबाणी जाहीर झाली. इथे प्रयोगशाळा आहेत, गोठ्यातल्या माणसांचे डोळे लाल झाले तर डोळ्यांतूनही नमुना घेतात. तरीही मिशिगन आणि कोलोरॅडोतल्या ११५ गोठा कामगारांचं रक्त तपासलं, तेव्हा ८ जणांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. त्यातल्या चौघांना आपण आजारी पडल्याचं आठवतही नव्हतं. आणि ज्यांना त्रास होतो तेही सगळे पुढे येत नाहीत. कागदपत्रं नसलेला माणूस दवाखान्याची पायरी चढायला घाबरतो, रोज बुडेल म्हणून दुखणं अंगावर काढतो. श्रीमंत देशाचं हे अपयश मला फार लागतं, कारण आपल्याकडेही नेमकं हेच होणार. शेडवरचा गडी खाडा पडू नये म्हणून क्रोसिन घेऊन कामाला जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोना आला तेव्हा सुरुवातीचे नमुने पुण्याला धाडावे लागले, मग मिरजेत तपासणी सुरू झाली. यंत्रं उभी करता येतात, ते आपण केलंय. माणूस यंत्रापर्यंत पोहोचवणं अवघड.

म्हणून माझी मागणी किटची नाही. साथ निघाली की पशुसंवर्धन खातं पक्षी मोजतं, अंडी मोजतं, भरपाई ठरवतं. त्याच पंचनाम्यात शेडवर राबणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा, मालकाच्या घरच्यांचंही. दहा दिवस आशाताईंनी रोज विचारपूस करावी, ताप किंवा डोळ्यांची लाली दिसली की त्याच दिवशी नमुना मिरजेला जावा. आणि त्या दिवसांची मजुरी सरकारनं भरावी. मालकाकडून ती अपेक्षा नको; शेड रिकामं झालं तरी खाद्याची उधारी त्याच्या डोक्यावर असतेच.