मोठा ट्रॅक्टर, एकच रोटाव्हेटर: व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला आणि आपली जमीन

गावाकडे दोन-पाच एकर असलेल्या ठाणे-नवी मुंबईकरांच्या ग्रुपांवर उन्हाळा लागला की एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ला तोच. ‘जमीन सांभाळायची तर सरळ ५० एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर घ्या, खोडंसुद्धा उपटून काढतो. फोर व्हील ड्राइव्ह हा शौक आहे, मागच्या टायरांत पाणी भरलं की भागतं. अवजार एकच, सहा फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं).” गवत माजलं तर काडी लावा. निम्मे पैसे सरकार देतं, उरलेले भाड्यावर सुटतात.’

ज्याने हे पहिल्यांदा लिहिलं त्याचं शेत बहुधा सपाट, काळ्या मातीचं आणि लांबच लांब असावं. तिथे यातलं काही चालून जाईल. पण घोडबंदरला किंवा ऐरोलीत राहून शनिवार-रविवारी मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे जाणाऱ्या माणसाची जमीन तशी नसते. खाली बांधाबांधांची भातखाचरं, वर उताराची मुरमाड, हलकी वरकस जमीन, मध्ये आंबा-काजूची पंधरा-वीस झाडं आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत. या जमिनीवर तो सल्ला पैसे बुडवतो, आणि एका ठिकाणी जीवही घेऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितो आहे.

‘एचपी जितके जास्त तितकं बरं.’ आधी काम किती आहे ते मोजू. समजा तीन एकर गवत कापायचं आहे. चार फुटी स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार) लावून २४-२८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर ताशी तीन किलोमीटरने चालवला आणि वळणं-थांबणं वजा केलं, तर तासाला साधारण २८ गुंठे होतात. म्हणजे तीन एकराला चार-साडेचार तास. पन्नास एचपीला सहा फुटी स्लॅशर लावून ताशी चारने गेलात तर हेच काम दोन-सव्वादोन तासांत उरकेल. वर्षातून दोनदा कापणी धरली तर मोठ्या ट्रॅक्टरने तुमचे वर्षाचे चार-पाच तास वाचले. तेवढ्यासाठी दुपटीच्या आसपास वजनाचं यंत्र घ्यायचं?

आणि ते वजन खाचरात नडतं. आपल्याकडे पाच गुंठ्यांचं खाचर म्हणजे जेमतेम ५०० चौरस मीटर, त्यातही बरीचशी दहा मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब अशी पट्टी. अवजारासकट साडेचार-पाच मीटर लांबीचा, दोन टनांचा ट्रॅक्टर दहा मीटरच्या पट्टीत वळवताना चारही कोपरे तसेच राहतात आणि प्रत्येक वळणाला बांध ढासळतो. एका खाचरातून दुसऱ्यात जायला रस्ता नसतो, बांध फोडूनच जावं लागतं. जूनमध्ये फोडलेला बांध वेळेवर बांधला नाही, तर खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात तुमची माती जाते आणि वर्षभराचं वाकडं येतं. खाचरं दोन-तीन गुंठ्यांची असतील तर छोटा ट्रॅक्टरसुद्धा नको, चिखलणीला मागे चालत चालवायचा पॉवर टिलर बरा.

आणखी एक गोष्ट डीलर आपणहून सांगत नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३पासून ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू आहेत. त्यामुळे ही इंजिनं महाग झाली आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक्स आलं. गावातल्या मेकॅनिकला साधा डिझेल पंप खोलता येतो, याचा कंट्रोलर नाही. शिवाय बोनेटवर लिहिलेले एचपी इंजिनाचे असतात. स्लॅशर किंवा रोटाव्हेटर फिरतो पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे पोचेपर्यंत दहा-पंधरा टक्के कमी झालेले असतात. म्हणून विचारायचा आकडा पीटीओ एचपीचा. आधी अवजार ठरवा, त्याला किती पीटीओ एचपी लागतात ते बघा, मग ट्रॅक्टर. मेसेज नेमका उलट्या बाजूने सुरू होतो.

मोठा ट्रॅक्टर कुणीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. ट्रॉलीत चिरा, मुरूम, शेणखत भरून चढ चढायचा असेल तर वजन आणि ताकद दोन्ही लागतात. पण ते काम रोजचं असेल तर.

‘खोडं उपटून काढतो.’ हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा येतो. साखळी टॉप लिंकला (अवजार वरून धरणाऱ्या दांडीला) किंवा मागच्या धुऱ्याला बांधून कुणी खोड ओढतं, खोड हलत नाही, मागची चाकं जमीन धरतात आणि ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जातं. ट्रॅक्टर मागे उलथायला दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबायचं डोक्यात येईपर्यंत चालक स्टिअरिंगखाली सापडलेला असतो. ओढायचं ते फक्त ड्रॉबारला, म्हणजे ओढण्यासाठीच्या खालच्या पट्टीला बांधून, धुऱ्याच्या पातळीच्या खालूनच. ज्या ट्रॅक्टरला सीटमागे रोल बार (उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) नाही तो उताराच्या जमिनीसाठी घेऊच नका. रोल बार असेल तर सीट बेल्ट लावा, कारण बेल्टशिवाय तो बार तुम्हाला वाचवेलच असं नाही. आणि मोठं खोड असेल तर तासाभरासाठी जेसीबी बोलवा.

‘फोर व्हील हा शौक.’ टायरात पाणी भरल्याने मागच्या चाकांची पकड वाढते, हे खरं. पण त्याने पुढची चाकं ओढायला लागत नाहीत. मुरमाड चढावर अवजार मागे उचललेलं असताना टू व्हीलचं नाक हलकं होतं, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. याहून मोठा फरक उतरताना पडतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर व्हील लावलेलं असलं की तोच ब्रेक पुढच्या चाकांवरही काम करतो. ओल्या गवताच्या उतारावर मागची चाकं घसरायला लागली की हा शौक किती कामाचा ते कळतं. उतरताना खालचा गिअर, क्लचवर पाय नाही आणि डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं कडीने जोडलेली. ही कडी शेतात सुटी ठेवायची सवय असते आणि रस्त्यावर आल्यावर ती लावायची राहून जाते. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी गिरकी घेतो.

छोट्या ट्रॅक्टरची खोटही सांगायला हवी. त्याच्या चाकांमधलं अंतर कमी असतं, त्यामुळे उताराला आडवा चालवला तर तो मोठ्यापेक्षा लवकर कलंडतो. मागची चाकं जितकी बाहेर बसवता येतील तितकी बसवून घ्या आणि उतारावर उभंच चाला, वरून खाली. जिथे तेही धोक्याचं वाटतं तिथे ट्रॅक्टर नेऊ नका, तिथलं गवत पाठीवरच्या ब्रश कटरने काढा.

‘एकच रोटाव्हेटर पुरे.’ सगळ्यात जास्त नुकसान याने होतं, कारण ते लगेच दिसत नाही. मुरमाडात रोटा टाकला की पहिल्याच फेरीत खडाक करून आवाज येतो, ठिणगी उडते आणि वळवलेलं पातं दगडाला लागून वाकतं. गवत कमरेएवढं असेल तर ते रोटरला गुंडाळतं आणि दर दहा मिनिटांनी उतरून कोयत्याने कापत बसावं लागतं. उतरताना नुसता पीटीओ नाही, इंजिनच बंद करा. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. लुंगीचं टोक किंवा ओढणी त्या दांड्याला लागली तर सोडवायला वेळ उरत नाही.

पण खरं नुकसान मातीचं. खाचरात चिखलणी करताना खालचा थर घट्ट झाला तर बरंच असतं, भाताला पाणी धरून ठेवायचं असतं. वरकस उतारावर हेच उलटं पडतं. मे महिन्यात रोटा मारून पीठ केलेली चार-पाच इंच माती कोकणच्या पहिल्या दोन सरींत ओढ्याला जाते आणि खाली राहतो तो दाबून टणक झालेला थर. झाडांच्या वरच्या तंतुमुळ्या तुटतात त्या वेगळ्याच. आंब्याखालची जमीन उकरायची गरजच नसते.

तिथे स्लॅशर हवा. त्याची पाती पिनवर सैल बसवलेली असतात, त्यामुळे दगड लागला की मागे झुकतात. दगड उडू नयेत म्हणून भोवती साखळ्या लोंबत असतात, त्या काढून टाकू नका. घसरपट्ट्या (स्लॅशरला जमिनीपासून वर धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्या) लावून तीन-चार इंच उंचीवर कापा, म्हणजे मुळं माती धरून राहतात. कापलेलं गवत झाडांच्या आळ्यात पसरा. घाणेरी आणि रानमोडीची जाड झुडपं मात्र आधी हाताने खाली करावी लागतात.

‘काडी लावा.’ गवत दसरा-दिवाळीच्या सुमारास, वाळायच्या आत कापलं तर काडी लावायची वेळ येत नाही. मुरबाड-शहापूरला आपल्या हद्दीला लागूनच वनखात्याची जमीन असते, पलीकडे तानसा अभयारण्य आहे. वणवा हद्द बघून थांबत नाही, आणि राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. कडेकडेने स्लॅशरचे तीन-चार पट्टे मारून जाळरेषा काढली तर बाहेरून येणारी आगही बऱ्याचदा अडते.

‘निम्मे पैसे सरकार देतं.’ अनुदानात टक्क्यांसोबत रुपयांची कमाल मर्यादा असते आणि दोन्हींत जे कमी ते मिळतं. अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला शेतकऱ्यांना ५० टक्के किंवा सव्वा लाख, इतरांना ४० टक्के किंवा एक लाख, अशी ती ट्रॅक्टरला बरीच वर्षं राहिली आहे. आठ लाखांच्या ट्रॅक्टरवर सव्वा लाख म्हणजे सोळा टक्केही नाहीत. तेही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावर खरेदी केली तरच. आधी ट्रॅक्टर दारात आणून मग अर्ज करणाऱ्याला काही मिळत नाही. सगळ्यांना सरसकट मिळालेला फायदा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला तो.

‘भाड्यावर पैसे सुटतात.’ ट्रॅक्टरच्या खर्चाचं गणित मांडताना साधारण वर्षाला १००० तास आणि दहा वर्षांचं आयुष्य धरतात. तुमचं स्वतःचं काम सगळं धरून शंभर तास झालं तरी खूप. उरलेले नऊशे तास कोण चालवणार? गावाला ट्रॅक्टर लागतो तो लावणीच्या त्याच पंधरवड्यात, तुम्हालाही तेव्हाच लागतो आणि सोमवारी सकाळी तुम्हाला ठाण्याची लोकल गाठायची असते. विमा स्वतःच्या शेतीपुरता काढलेला असेल तर भाड्याच्या कामावर झालेल्या अपघातात कंपनी हात वर करू शकते.

दोन-तीन एकरवाल्याने ट्रॅक्टरच घेऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गावात ट्रॅक्टर असतात, रोटाही असतात, नसतो तो स्लॅशर. तेवढा एक विकत घ्या आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे देऊन त्याच्याकडून चालवून घ्या, त्याला तिथले बांध-खड्डे माहीत असतात. घेण्याआधी त्याच ट्रॅक्टरला तो लावून बघा. स्लॅशरच्या खालच्या दोन पिनांची जाडी ट्रॅक्टरला जुळते का, आणि अवजार पूर्ण उचललं की पीटीओ शाफ्ट किती आत जातो. शाफ्ट लांब असेल तर उचलताना तो गिअरबॉक्सवर दाबला जातो आणि बेअरिंग फुटतं. दुकानदाराकडून तिथेच मापाने कापून घ्या.