फायबरला वायरमन कोण?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर नोव्हेंबर २०२५ पासून एकच वाद पेटलाय. राज्य सरकारने उपग्रहातून नेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर लेटर ऑफ इंटेंट (म्हणजे पुढे करार करायचा इरादा) केलं, त्यात गडचिरोली, वाशिम, धाराशिव आणि आपलं नंदुरबार अशी नावं आली, आणि तेव्हापासून अर्धे म्हणतायत की झालं, आता वायर-बियर काही नको, छपरावर ताटली ठेवायची आणि आकाशातून नेट घ्यायचं, आणि उरलेले अर्धे म्हणतायत की ही श्रीमंतांची चैन आहे, आपल्या जिल्ह्यातल्या डोंगराळ धडगावच्या माणसाला काय उपयोग. मग कोणीतरी मला टॅग करतं, "तू अमेरिकेत आहेस ना भाऊ, सांग ना तिकडे कसं आहे". तिकडे म्हणजे टेनेसीतलं चॅटनूगा, इथे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या प्लँटमध्ये मला आठ वर्षं झाली. तुकड्या-तुकड्यात टाईप करून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहितोय.

चॅटनूगा काही मोठं शहर नाही, आपल्या धुळ्यापेक्षा लहान आहे. पण सप्टेंबर २०१० मध्ये अख्ख्या गावाला एक गिगाबिटचं नेट द्यायला सुरुवात केली ती या गावाने, अमेरिकेत पहिल्यांदा. आणि दिलं कोणी तर लाईटवाल्यांनी. ईपीबी म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड, १९३५ पासूनची, शहराच्या मालकीची. फायबर, म्हणजे नेट वाहून नेणारी काचेची तार, टाकलं त्याचं एक मोठं कारण असं की लाईन कुठे तुटली हे लगेच कळावं आणि खांबावरचे स्विच आपोआप फिरून बाकीच्यांची लाईट चालू राहावी. २००९ च्या मंदीत केंद्र सरकारने पैसे सोडले त्यातून ११ कोटी १५ लाख डॉलर मिळाले, आणि त्याच तारेवरून घरोघरी नेट. बड्या केबल कंपन्या कोर्टात गेल्या, उपयोग झाला नाही.

मला यातला गिगाबिट वगैरे तितका भारी वाटत नाही. भारी वाटतं ते हे की वादळात झाड पडलं की ज्यांच्याकडे लाईटची तक्रार करायची त्यांच्याकडेच नेटची. एक फोन नंबर, एक बिल.

आता आमचं गाव घ्या, नंदुरबार जिल्ह्यातलं, शहाद्याकडचं, नाव कशाला. गावात एमएसईबीचा वायरमन कोण हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याचं घर कोणतं, तो जेवायला कधी जातो, फोन उचलत नसेल तर कोणत्या टपरीवर सापडेल, सगळं. रात्री दोन वाजता डीपी जळाला की लोक त्याच्या दारात. शिव्या त्यालाच, चहापण त्यालाच. ही सिस्टीम फार चांगली आहे असं नाही, पण लाईट नाही आली तर कोणाला पकडायचं हे तरी माहिती असतं.

आणि ग्रामपंचायतीतला तो नेटचा डबा? गेल्या सुट्टीत गेलो तेव्हा मुद्दाम बघायला गेलो. भिंतीला करड्या रंगाची पत्र्याची पेटी, तिच्यावर जुन्या मतदार याद्यांचा गठ्ठा, त्यावर पंधरा ऑगस्टचा वाळलेला हार. आतला एकही दिवा लागलेला नाही. शिपाईदादा म्हणाले, "बॅटरी गेली, लाईट असली तरी चालू होत नाही, इंजिनियर आला होता, बघून गेला". कधी आला होता? "कापूस वेचणीच्या आधी". कोणत्या वर्षीच्या कापसाच्या ते विचारलं नाही मी. चावी कोणाकडे यावर तिघांनी तीन नावं सांगितली. मी शाळेला मोठा टीव्ही दिला होता पोरांनी ऑनलाईन धडे बघावेत म्हणून, त्यावर सध्या पेनड्राईव्हमधली बडबडगीतं लागतात.

हा डबा ज्या सरकारी योजनेतला, ती काही कालची नाही. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पुन्हा १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर केले. या नव्या आवृत्तीत दोन गोष्टी मला पटतात. एक म्हणजे तार रिंगमध्ये टाकणार, म्हणजे जेसीबीने एका बाजूने तोडली तरी दुसऱ्या बाजूने नेट येत राहील. दुसरी म्हणजे बांधणाऱ्यानेच दहा वर्षं ती सांभाळायची, आणि घरापर्यंतचं कनेक्शन गावातल्याच उद्योजकाने निम्म्या वाटणीवर द्यायचं. याच्यावर ग्रुपवर कोणी एक मेसेज टाकला नाही, सगळे ताटलीवर भांडतायत.

ताटलीचंही सांगतो. माझ्याबरोबर काम करणारा एक जण शहराबाहेर राहतो. त्याच्या घरासमोरच्या रस्त्यापर्यंत ईपीबीची हद्द, पलीकडे त्याचं घर, तिथे लाईट दुसऱ्या संस्थेची. राज्याचा कायदाच असा की शहराच्या लाईट कंपनीने आपल्या लाईटच्या हद्दीबाहेर नेट द्यायचं नाही. २०१५ मध्ये एफसीसीने, म्हणजे फोन-नेटचे नियम ठरवणाऱ्या इथल्या केंद्रीय आयोगाने, ही अट मोडायचा प्रयत्न केला, २०१६ मध्ये कोर्टाने एफसीसीलाच गप्प बसवलं. म्हणजे जगातलं एकदम फास्ट नेट रस्त्याच्या या बाजूला, आणि त्या बाजूला हा बिचारा पोरीचा गृहपाठ अपलोड करायला गाडी काढून प्लँटच्या पार्किंगमध्ये यायचा. मग त्याने ताटली घेतली, महिन्याला १२० डॉलर. चांगली चालायची, खोटं कशाला बोलू, फक्त घराभोवतीचे दोन ओक तोडावे लागले, आकाश मोकळं लागतं ना. पण २०१७ मध्ये राज्याने गावाकडच्या वीज सहकारी संस्थांना नेट द्यायची परवानगी दिली होती, त्याची संस्था उशिरा जागी झाली, फायबर आलं, आणि त्याने ताटली काढून गॅरेजमध्ये टाकली. ओक काही परत आले नाहीत.

हे ऐकून फायबरवाले लगेच खूश होऊ नका. शहादा, शिरपूर, रावेर, यावल हा सगळा सपाट भाग, गावं दाट, तिथे तारच पाहिजे. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे वर गेलात तर एका ग्रामपंचायतीत कितीतरी पाडे, आणि पाड्यातली घरंही एकमेकांना चिकटून नाहीत, प्रत्येक घर आपापल्या शेतात, मध्ये नाला, मध्ये टेकडी. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोचलं म्हणजे गाव जोडलं असं कागदावर होतं, पाड्यातल्या बाईला त्या कागदाचं काय. नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर खांब कोण रोवणार? तिथे शाळा, दवाखाना, रेशन दुकान अशा ठिकाणी ताटली बसवा, खुशाल बसवा.

कारण आता नेट ही चैन राहिलेली नाही, सरकारनेच तशी सोय केलीय. रेशनला अंगठा, ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून फोटो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची केली तेव्हा धडगावकडच्या बाया ओटीपीसाठी डोंगर चढत होत्या. दीड हजार रुपयांसाठी. आणि देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं होतं आठवतंय? आपल्या नंदुरबारातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१०. चॅटनूगाचं गिगाबिट आणि टेंभलीचं आधार एकाच महिन्यातलं. इकडे आधी तार आली, आपल्याकडे आधी नंबर आला आणि तारेची अजून वाट बघतोय.

बिलाचं राहिलंच. कोविडनंतर इथे गरिबांना नेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरची सूट मिळायची, सव्वादोन कोटींहून जास्त घरं त्यात होती, २०२४ च्या मे-जूनमध्ये पैसे संपले आणि सूट बंद. आमच्या लायनीत राहणाऱ्या आजीबाईंनी पुढच्याच महिन्यात राऊटर परत केला. दारात तार होती हो. आपल्याकडे तर कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, कुलूप लागतं ते होळीपर्यंत. त्यांना महिन्याचं बिल कोणत्या तोंडाने देणार? आठवड्याचं, अगदी दिवसाचं रिचार्ज पाहिजे, मोबाईलसारखं.

माझं मत विचाराल तर फायबर की ताटली हा भांडायचा विषयच नाही. नेट बंद पडलं की गावातल्या कोणाच्या दारात जायचं, एवढं ठरवा. आमच्या गावात ते आपोआप ठरलंय. माझे आतेभाऊ, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, पूर्वी डिश-केबलचा धंदा करायचे, आता तालुक्याहून फायबर ओढून दीडशे घरांना नेट देतात, महिन्याला चारशे रुपये, उधारी चालते, कापूस विकला की मिळतात. परवानग्या सगळ्या आहेत का मला विचारू नका. दहा वर्षांचं कंत्राट कोणालाही द्या, पण त्यात जिभाऊंसारखा माणूस बसवा, नाहीतर ती नवीन पेटीसुद्धा मतदार याद्या ठेवायलाच उपयोगी पडेल.

गेल्या रविवारी सकाळी त्यांना फोन लावला, तिकडे संध्याकाळ. रस्त्याच्या कामात पुन्हा तार तुटली होती, ते नाल्याच्या पुलावर बसून मोबाईलच्या टॉर्चमध्ये जोडत होते, मागे मशीनचा बीप बीप आवाज. म्हटलं जिभाऊ, एकटेच? तर म्हणाले, "तोडणारा दहा शेतस, जोडणारा मी एकलाच शे". पंचायतीतल्या पेटीची चावी सापडली का विचारलं, तेवढ्यात कोणीतरी मागून ओरडलं की मॅच सुरू झाली, नेट कधी येईल, आणि त्यांनी फोन ठेवला.