ढगाला काळा रंग फासणं बंद करा!

अरे, वादळी ढग काळा नसतो! किती वेळा सांगायचं? संगणकावर केलेलं कुठलंही पावसाळी निसर्गदृश्य उघडा. खाली डोंगर झकास, गवताचं पातं न् पातं कोरलेलं, आणि वर टायर जाळल्यासारखा धूर. त्यावर कौतुकाचा पाऊस, 'काय आभाळ भरून आलंय!' आभाळ कुठलं भरून येतंय, गोदामाला आग लागलीय ती.

ढगातला पाण्याचा थेंब डोळ्यांना दिसणारा प्रकाश जवळजवळ गिळतच नाही, नुसता विखुरतो. तळ काळा दिसतो तो जाडीमुळे. वरून आलेला उजेड आत लाखो थेंबांवर आपटत बहुतेक वरच्या वरच परत फिरतो आणि खाली जेमतेम दहावा हिस्सा झिरपतो, दाट ढगात त्याहूनही कमी. म्हणून त्याच ढगाची उन्हातली बाजू डोळे दिपवते आणि पोट शाईसारखं दिसतं. पदार्थ एकच, पांढराशुभ्र. हे एवढं डोक्यात शिरलं तर निम्मी भुताटकी संपेल. पण नाही, दर शिकवणीत पहिली पायरी काय? 'रंग गडद करा.'

आता ब्लेंडरचं बघा, म्हणजे त्रिमितीय चित्रं करायच्या सॉफ्टवेअरचं. ढग-धुरासाठीचा प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम नोड घेतला की त्यात रंग ०.५ भरलेलाच असतो (० म्हणजे काळा, १ म्हणजे पांढरा). म्हणजे प्रत्येक टकरीला निम्मा उजेड मेला. दहा टकरींनंतर उरतो हजारातला एक भाग! तिथे ०.९९ टाका, दहा टकरींनंतरही नव्वद टक्के शिल्लक राहतो. ही काही गुप्त विद्या नाही, शाळेतला गुणाकार आहे. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर करणाऱ्या (अंतिम चित्र काढणाऱ्या) इंजिनात, व्हॉल्यूमचे बाउन्स (ढगाच्या आत उजेड पुन्हा किती वेळा उसळू द्यायचा तो आकडा) मुळात शून्यावर असतात. शून्य! उजेड एकदा विखुरला की खेळ खलास, आणि ढग राखाडी गोळा. मग कोणीतरी सांगतं की बाउन्स ३२ करा. करतात बिचारे, फरक पडतो पण जेमतेम, कारण वरचा टोटलचा, म्हणजे सगळ्या बाउन्सच्या मर्यादेचा, आकडा १२ वरच बसलेला असतो आणि ३२ चे मुकाट १२ होतात. शेवटी वैतागून काय करायचं? इमिशन चढवायचं. ढग स्वतःच दिव्यासारखा पेटतो, सावलीतलं पोटही उजळतं, आणि मग ते पोट काळं करायला पुन्हा रंग गडद. आजार रेड्याला अन् औषध पखालीला!

घनतेबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागतं. भरदार ढगात प्रकाशकिरण साधारण २० मीटरला एकदा थेंबावर आपटतो असं धरा, म्हणजे मीटरमागे ०.०५. दृश्य खऱ्या मापाचं, म्हणजे एक युनिट एक मीटर, असेल तर घनता ०.०५. एक युनिट म्हणजे १०० मीटर असं छोटं केलं असेल तर तीच घनता ५. माप बदललं की घनता त्याच पटीत बदलते, विषय संपला. पण लोक कुठूनतरी १ हा आकडा उचलतात आणि दोन्हीकडे ठोकून देतात. खऱ्या मापात १ टाकला की ढगाचा दगड होतो, कडा प्लास्टरसारख्या. छोट्या मापात तोच १ टाकला की पुरेसा दाटपणा येत नाही, ढगाऐवजी धुकं पसरतं. मग म्हणे सॉफ्टवेअर वाईट. नाचता येईना अंगण वाकडं!

अॅनिसोट्रॉपी (उजेड कुठल्या दिशेला जास्त विखुरतो ते ठरवणारा आकडा) शून्यावर सोडणं हा पुढचा गुन्हा. थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात, खरा आकडा ०.८५ च्या आसपास. ढगाआड सूर्य असताना चांदीची किनार दिसते ती यामुळेच. आता यातली गोम ऐका. ०.८५ ठेवलं की किरणाला मूळची दिशा विसरायला साधारण सात टकरी लागतात, म्हणजे ३२ बाउन्सही अपुरे पडतात आणि रेंडर रात्रभर चालतो. त्यावर जुगाड आहे: अॅनिसोट्रॉपी शून्य करा आणि घनतेला ०.१५ ने गुणा. ढगाच्या पोटातला उजेड जवळपास तसाच येतो, टकरी मात्र खूप कमी. पण कडा विरळ होतात आणि चांदीची किनार जाते, त्यामुळे सूर्य समोर असलेल्या दृश्यात हा जुगाड वापरायचा नाही. हा दुसरा भाग कोणीही सांगत नाही. का सांगत नाही? पाच मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही म्हणून.

आकाराचं काय? एकच पर्लिन नॉइज (संगणकाने काढलेली मऊ, अनियमित नक्षी) वरपासून खालपर्यंत फिरवायचा आणि त्याला वादळ म्हणायचं. फुलकोबीसारखे गड्डे हवेत तर उलटा केलेला वर्ली नॉइज (पेशींसारखी नक्षी) मिसळा. तळ सपाट कापा. हवा वर चढताना ठराविक उंचीवर गार होऊन वाफेचे थेंब होतात, तो तळ. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) यांच्या अंशांतल्या फरकाला १२५ ने गुणा, मीटरमध्ये उंची मिळते. आठ अंशांचा फरक असेल तर १००० मीटर. शेजारच्या सगळ्या ढगांचा तळ याच पातळीवर हवा. इथे मात्र एक ढग खाली, एक वर, जशी दोरीवर वाळत घातलेली चादर. शेंड्याचं ऐरण, म्हणजे वादळी ढगाचा वर पसरलेला सपाट माथा, तर वेगळंच प्रकरण आहे. तिथे बर्फाचे स्फटिक असतात, गड्डे नाहीत, वाऱ्याच्या दिशेने ताणलेले तंतू असतात. त्याला तोच कोबी लावला की हसू येतं.

आणि हे सगळं करून ढग ठेवायचा कुठे? डोक्यावर! दहा किलोमीटर उंच ढग ५० किलोमीटरवर असेल तर तो क्षितिजापासून फक्त ११ अंश वर येतो. २४ मिलिमीटरच्या लेन्सने आडव्या चौकटीत उंचीचा जेमतेम पाचवा भाग. त्याने अख्खं आभाळ व्यापायचं असेल तर तो जवळ आणा, पण मग शेंडा दिसणार नाही, फक्त पोट दिसेल. अजस्र ऐरणही हवं आणि डोक्यावर काळोखही हवा, तेही एकाच चौकटीत? जमत नाही हो. शिवाय १०० किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईने ढग जवळजवळ ८०० मीटर खाली जातात, म्हणजे तिथला तळ क्षितिजाला टेकतो. टेराजेन या निसर्गदृश्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रह गोलच असतो, तिथे हे आपोआप होतं. सपाट पाटीवर काम करणाऱ्यांनी हाताने करायचं. वर हवेचा थर द्यायचा: दुरून पांढरा भाग पिवळसर होतो, काळा भाग निळसर. दोन्हीवर एकच राखाडी धुकं ओतलं की खेळ बिघडला.

डिनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारं साधन? कमी सॅम्पलवर (दर ठिपक्याला थोडेच किरण सोडून) रेंडर करायचं आणि त्याच्या भरवशावर सोडायचं. पृष्ठभागासाठी त्याला रंगाचे आणि नॉर्मलचे (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे त्याचे) पास मदतीला असतात, ढगात तसं धरायला फारसं काही नसतं, म्हणून बारीक गड्डे पुसून मेणाचा पुतळा करून देतो.

आणि वर वीज! तयार चित्रावर पांढरी फांदी चिकटवलेली, आजूबाजूचा ढग जसाच्या तसा काळाकुट्ट. ढगात वीज चमकली की अख्खा गड्डा आतून उजळतो, हे पाहिलेलं नाही असा एक तरी माणूस आहे का? एक पॉइंट लाइट, म्हणजे चहूकडे उजेड टाकणारा ठिपक्याएवढा दिवा, आत ठेवायला काय जातं तुमचं?