मी थांबते, आणि थांबणारच

आज सकाळी बडोद्याच्या काळाघोडा पुलावर मला माझ्याच वॉकिंग ग्रुपमधून काढलं. व्हॉट्सॲपवरून नाही, तोंडावर. सात वाजायचे होते. विश्वामित्री नदीवर धुकं होतं आणि त्यात एक बगळा असा उभा होता की पाण्यात आहे की हवेत ते कळू नये. मी थांबले. पिशवीतून चाळिशी काढून डोळ्यांवर चढवली, फोन काढला, कठड्याला कोपर टेकवलं. तेवढ्यात आमची कॅप्टन (सहा जणींत तीच कायम पुढे असते, म्हणून कॅप्टन) मागे वळून म्हणाली, "अगं, उद्यापासून तू आपली आपली चाल बाई. तुझ्यापायी आमची सगळ्यांची पावलं कमी पडतात."

बाकी चौघी काही बोलल्या नाहीत. एकीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मला तेच जास्त लागलं.

पावलं! गेली दोन वर्षं आमच्यात दुसरा विषय नाही. कुणाची किती झाली, कुणाची राहिली, कोण रात्री जेवल्यावर गॅलरीत फेऱ्या मारून आकडा पुरा करतं. हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, ते तरी कुणी विचारलंय? १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकायला काढलेल्या वस्तूचं नाव! ते आज साठ वर्षांनी बडोद्यातल्या बायकांना नदीकडे मान वळवू देत नाही. आणि दहा हजार पुरे झाले की हीच कॅप्टन आम्हाला सेवउसळ खायला नेते, वरून तर्री मागून घेते. तिथे पाऊण तास बसायला वेळ असतो. बगळ्यासाठी दोन मिनिटं नसतात.

हीच कॅप्टन, जानेवारी २०२४ मध्ये आम्ही कावी-कंबोईला गेलो होतो तेव्हा काय करत होती, सांगते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जंबुसर तालुक्यात, खंभातच्या आखाताच्या काठावर स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. दिवसातून दोनदा समुद्र येऊन ते बुडवतो आणि दोनदा मोकळं करतो. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून तिथी बघून निघावं लागतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला गेलं तर उधाण मिळतं. आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून गतीच नसते. आम्ही पोचलो तेव्हा समुद्र कुठे दिसतच नव्हता. नजर जाईल तिथपर्यंत करडा चिखल. पाचही जणींनी दर्शन घेतलं, काठाने फेऱ्या मारल्या, फोन बघितले आणि गाडीत जाऊन थेपले-छुंदा काढला. मी एका जागी उभी राहिले.

मला वाटलं होतं लाटा येतील. लाटा आल्याच नाहीत. चिखलात ज्या बारीक घळी होत्या त्या आधी भरल्या. मग दोन घळींमधला चिखल चमकायला लागला. मग तो नव्हताच. आवाज जवळजवळ नाही. तिथला माणूस ओरडून सगळ्यांना मागे घेत होता. त्याच जागेवरून मी एकेचाळीस फोटो काढले. गुडघे दुखले, पण हलले नाही. शेवटच्या फोटोत फक्त देवळाच्या खांबांचा वरचा भाग, चहूकडे गढूळ तपकिरी पाणी आणि वर एकच कुरव.

महिन्याभराने कॅप्टनचा फोन. "तो पाण्यातल्या महादेवाचा पाठव ना." पाठवला. तिने मोठा करून घेतला, फ्रेम केली, हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आम्ही गेलो होतो तेव्हाचा." आम्ही! तू गाडीत थेपले खात होतीस गं.

आमच्या घरीही वेगळं नाही. "पाण्याचे किती फोटो काढशील? पाणी तेच," असं रोज ऐकते. पाणी तेच नसतं. मार्चमध्ये हिरवं पडतं, जूनच्या पहिल्या सरीनंतर पावागडाकडची माती घेऊन चहासारखं येतं, ऑक्टोबरात नितळतं. चांदोदला नर्मदा आणि ओरसंग भेटतात तिथे तर कित्येकदा एकाच घाटावरून दोन रंग दिसतात. हे फोन खिशात ठेवून तरातरा चालणाऱ्याला कसं कळावं?

आणि फोटो काढणारे सगळे माझ्यासारखे आहेत असंही मी म्हणत नाही. परवा नवाच्या सुमाराला पुलाखाली एक मगर उन्हाला येऊन पडली होती, आ वासून. दोन पोरं वरून दगड मारत होती, का, तर ती हलावी आणि व्हिडिओ चांगला यावा. अरे, ती तोंड उघडून अंग निववतेय, तुमच्यावर धावून येत नाहीये! ही नदी तुमच्या घराण्याआधीपासून तिची आहे. मी ओरडले, तर म्हणे, "काकी, तुम्हीपण फोटोच काढताय ना?" रात्री झोप नाही लागली मला.

मान्य, कॅप्टनला साखर आहे आणि डॉक्टरांनी तिला न थांबता चालायला सांगितलंय. ठीक आहे. पण मग मला मागे सोडून पुढे जा, मी येईन गाठत. काढून कशाला टाकायचं?

हे लिहिताना एक गोष्ट आठवली. आत्तापर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

कावी-कंबोईच्याच वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, विश्वामित्री गावात शिरली. पावसाळ्यात बडोद्यात माणसं एकमेकांना बरं आहे का विचारत नाहीत, "काळाघोड्याला किती फूट?" विचारतात. त्या वेळी पाणी ३५ च्या वर गेलं. कॅप्टनचं घर तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले, तर सोफा, गाद्या, फ्रीज, सगळं चिखलात. घरभर तो वास, ज्याने भोगलाय त्याला सांगायला नको. वरच्या शेजाऱ्यांच्या जिन्यात तिने हातोहात नेलेलं तेवढंच सामान वाचलं होतं: देव, कागदपत्रांची पेटी, गॅसचं सिलिंडर, नवऱ्याची औषधं. आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ती फ्रेम.

ती त्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. दोघींनी मिळून दुपारभर चिखल काढला.

म्हणून आजचं इतकं लागलं. दुसरी कुणी बोलली असती तर मी दुसऱ्या मिनिटाला विसरले असते.

तर कॅप्टन, तू हे वाचशील, मला माहितीये. तुला चालायचंय तसं चाल, साखर खाली आण. मी उद्याही सव्वासहाला पुलावर येणार आणि थांबणार. सत्तावन्न वर्षं झाली, त्यातली तीस तरी मी दूधवाल्यासाठी, शाळेच्या रिक्षासाठी, कुकरच्या शिट्टीसाठी थांबले. आता नदीसाठी थांबते.

आजचा फोटो खाली टाकलाय. बगळा त्यात नाही, तुझ्या आवाजाने उडाला. पण बोट आधीच दाबलं गेलं होतं. धुक्यात पुलावरून चाललेल्या चार पाठमोऱ्या आहेत, आणि सगळ्यांत पुढे मरून रंगाच्या शालीतली एक, मागे वळलेली, हात वर केलेला. तू माझ्यावर ओरडतेयस. चेहरा फार छान आलाय तुझा. हवा असेल तर मोठा करून देते.